राणीचं अस्तर

चिंधीने झगा टेबलावर पालथा घातला, पाठीवरचे हुक वरून खाली एकेक सोडले आणि आत हात घालून बाही हळूहळू उलटी करायला घेतली.

"चिमटीत धरू नकोस मखमल," समोरच्या स्टुलावरून मास्तर म्हणाले. "खूण उमटते. तळव्यावर घे."

"माहीत आहे मला, बाबा."

"असणारच. सवयीने बोललो."

टेबलाच्या कोपऱ्यावर छोटा रेकॉर्डर चालू होता, आणि त्यात इतका वेळ काय साठलं असेल तर बापाचं खाकरणं आणि लेकीचं 'हं'.

लेक तशी साधीसुधी नव्हती. रंगभूमीवरच्या कपड्यांचा इतिहास हा तिचा विषय. ती तो शिकवायची, त्यावर लिहायची, आणि कपडा उलटा करून बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, हा तिचा नियम विद्यार्थ्यांना तोंडपाठ होता. वर्गात तिचा दरारा असा, की मागच्या बाकावरची उंडगी पोरंही वही उघडून बसत. पण या नाट्यसंस्थेत ती आजही चिंधीच. बापाच्या शिलाई मशीनखाली, चिंध्यांच्या ढिगात बसून ती लहानाची मोठी झाली, तेव्हा कुणीतरी लाडाने ठेवलेलं हे नाव. चिकटलं ते चिकटलं. बाप संस्थेचा शिंपी. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर निवृत्त झाले होते, पण ती बातमी आपल्यापर्यंत पोचलेलीच नाही अशा थाटात ते रोज दुपारी कपडेपटात येऊन बसत, आणि आता कुणीच अंगात घालणार नव्हतं अशा कपड्यांची बटणं पक्की करत.

संस्था बंद होत होती. नाट्यगृह दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात जाणार होतं. मग या कपड्यांचं करायचं काय, असा प्रश्न पडल्यावर कुणाला तरी चिंधीची आठवण झाली. निवडक कपडे तिने प्रदर्शनासाठी न्यावेत आणि त्यावर एक पुस्तकही लिहावं, असं ठरलं. आठवडाभर ती रंगमंचामागच्या या लांबलचक खोलीत होती. दांड्यांवर पांढऱ्या आच्छादनांखाली लटकणारे सैनिक, व्यापारी, नोकर, न्यायाधीश असे सगळे तिने खाली उतरवले, उलटेपालटे केले, मोजले, त्यांचे फोटो काढले. राणीला तेवढं तिने शेवटपर्यंत हात लावला नाही. राणीचा झगा आईचा होता.

"वजन किती असेल?" तिने रेकॉर्डरकडे बघत विचारलं.

"घालणारीला विचारायला हवं," मास्तर बोलून गेले. मग घाईघाईने म्हणाले, "पाच किलोच्या वर. खालचा घेर धरून."

"हुक पाठीला का?"

"दुसऱ्या अंकात राजा मरतो ना. दिवे जातात आणि येतात, तेवढ्यात राणीला विधवा व्हायचं असतं. पुढची बटणं नुसती दिखाऊ. मी विंगेत उभा राहून मागून हुक सोडायचो, ती हात पुढे करायची की झगा सगळा पुढे गळून पडायचा. केळं सोलावं तसं. वर पांढरी शाल लपेटली की झाली विधवा, आणि शेवटच्या दरबाराला झगा पुन्हा चढायचा."

"आणि कमरेचं माप?"

मास्तरांच्या हातातली सुई थांबली.

"तेच. पहिल्या प्रयोगापासून शेवटच्या प्रयोगापर्यंत तेच."

चिंधीने ओठ घट्ट मिटले. हे उत्तर तिने पूर्वी एकदा ऐकलं होतं, आणि त्या दिवसापासून बापलेकीत धड बोलणं उरलं नव्हतं.

आई नटी होती, पण नायिका कधीच नव्हती. तिच्या वाट्याला आयुष्यभर दासी, शेजारीण, नायिकेची लग्न न झालेली मोठी बहीण. ट्रे घेऊन यायचं, दोन वाक्यं बोलायची आणि ट्रे घेऊन जायचं. पन्नाशी उलटल्यावर तिला राणी मिळाली, तीही ठरलेली नटी ऐनवेळी भांडून निघून गेली म्हणून. आईने त्या संधीचं सोनं केलं. त्या हंगामात लोक तेच नाटक पुन्हा पुन्हा बघायला येत. मग हंगामाचा शेवटचा प्रयोग झाला, आणि आठवडा उलटायच्या आत आई गेली.

डॉक्टर म्हणाले, दुखणं वर्षभर तरी आत असणार. चिंधी तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला होती. ती धावत आली, तर पलंगावर पडलेल्या बाईला तिने क्षणभर ओळखलंच नाही. हाडांवर नुसती कातडी होती. संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात, अख्ख्या नाटकमंडळींसमोर, तिने बापाला विचारलं होतं, "रोज तुम्ही तिच्या अंगावर कपडे चढवत होतात. हाताला कळलं नाही तुमच्या?"

"मापात फरक नव्हता," मास्तर म्हणाले होते.

एवढंच. ना रडणं, ना सारवासारव. ज्या माणसाला रस्त्याच्या पलीकडच्या अनोळखी इसमाची एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब आहे हे दिसतं, आणि दिसल्यावर चैन पडत नाही, त्याला स्वतःची बायको झिजताना दिसू नये? चिंधीने बापाला ते माफ केलं नाही. नऊ वर्षं तिने कर्तव्यात कसूर केली नाही. फोन करायची, तब्येत विचारायची, औषधं पाठवायची. पण बापाच्या घरी ती एकदाही राहायला गेली नाही. आताही ती लॉजवर उतरली होती. मास्तरांनी का म्हणून विचारलं नव्हतं.

"चहा आणतो," मास्तर उठत म्हणाले. "तुझा बिनसाखरेचा?"

"साखरेचाच. कधीपासून बिनसाखरेचा प्यायला लागले मी?"

"मला वाटलं, सोडली असशील. हल्ली सगळेच सोडतात."

किटली घेऊन ते गेले. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली उतरेपर्यंत चिंधी तशीच थांबली, आणि मग तिने झग्याचा वरचा भाग उलटा केला.

अस्तर सायीच्या रंगाचं होतं. हात फिरवताना बरगड्यांपाशी तिला काहीतरी जाड लागलं. मखमल तोलून धरायला आत कडक कापड घालतात, ते तिला ठाऊक होतं. हे त्यातलं नव्हतं. हे मऊ होतं, दाबलं की दबत होतं. तिने झगा खिडकीकडे सरकवला. काखेखालून कमरेपर्यंत काळ्या दोऱ्याची एक ओळ गेली होती. फिकट अस्तरावर ठसठशीत काळा दोरा. टाके लांबलचक, सैल, कुठे तिरपे तर कुठे एकमेकांवर चढलेले.

असा टाका या खोलीत तिने कधी पाहिला नव्हता. मास्तरांचा टाका भिंग लावूनही सापडत नाही, अशी त्यांची ख्याती. संस्थेतले लोक म्हणायचे, मास्तरांनी शिवलेल्या कपड्याला शिवण नसतेच, तो तसाच जन्माला येतो. चिंधीने फोटो काढले. मग बारीक कात्री घेऊन चारपाच टाके कापले आणि आत बोटं घातली.

कापूस होता. मलमलीच्या कपड्यात गुंडाळून त्याच्या पातळ गाद्या केल्या होत्या. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. बरगड्यांवर, कमरेला, खांद्यांच्या खाली. दंडांवरसुद्धा. ती एकेक जागा उघडत गेली. बाहेरून बघावं तर भरल्या अंगाच्या बाईचा झगा; आत मोकळी राहिलेली जागा एखाद्या शाळकरी पोरीला पुरेल एवढी. त्या जागेत आई मावली होती.

चिंधी खुर्चीवर बसली.

मापात फरक नव्हता. खरंच नव्हता! आईने तो पडूच दिला नव्हता. शिंप्याची बायको असून जिला साधं बटण लावता येत नव्हतं, तुटलं की जी हसत हसत ब्लाउज नवऱ्यापुढे टाकायची, ती बाई मेकअपच्या खोलीत दाराला कडी लावून, हाताला लागेल तो दोरा घेऊन, असे वेडेवाकडे टाके घालत बसली होती. नवऱ्याला कळू नये म्हणून. तिने कडेकोट बंदोबस्त केला होता. मग त्याच्या हाताला काय लागणार? कापूसच लागणार.

आणि हात काय एकट्या त्यांचेच फसले होते? त्या हंगामात चिंधीनेही एक प्रयोग पाहिला होता. प्रयोगानंतर ती आत गेली तर आई अजून झग्यातच. कपडेपटाचा कायदा असा, की पडदा पडला की पाच मिनिटांत कपडा दांडीवर गेलाच पाहिजे, आणि कपड्यात चहा घेणाऱ्याची तर मास्तर सालटी काढत. त्या दिवशी मात्र राणी झग्यात बसून चहा पीत होती आणि मास्तर काही बोलत नव्हते. चिंधीने तिला मिठी मारली होती. मनात म्हणाली होती, आई भरलीय जरा. मानवलंय हो तिला राणीपद. आणि मग शेवटची गाडी चुकेल म्हणून निघून गेली होती.

घरात कसं दिसलं नाही त्यांना, असाही एक प्रश्न तिच्या मनात आला. तिने त्याला दारातूनच परत पाठवलं. इतक्या वर्षांच्या संसारात कोण कुणाकडे निरखून बघतं! तिला रडू फुटलं. आईसाठी ती पुष्कळ रडली होती. बापासाठी रडायची ही पहिलीच वेळ, आणि त्यात दुःखाइतकाच मोठा सुटकेचा भाग होता.

मास्तर किटली घेऊन दारात उभे होते.

"उघडलंस," ते म्हणाले.

"बाबा, इकडे या. बसा."

ते आले. किटली कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी ती जमिनीवर ठेवली आणि स्टुलाच्या अगदी कडेला टेकले. चिंधीने त्यांचे दोन्ही हात धरले.

"मी चुकले, बाबा."

मास्तर झग्याकडे बघत होते.

"हे सगळं आईने केलंय. तुमच्यापासून लपवायला. तुम्हाला कळणं शक्यच नव्हतं. मी तर मिठी मारली होती तिला, मला तरी कुठे कळलं? आणि मी तुम्हाला चारचौघांत काय काय बोलले..."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय! नऊ वर्षं, बाबा! नऊ वर्षं तुम्ही ऐकून घेतलंत. एकदा तरी उलट बोलायचं होतं."

मास्तरांचे ओठ हलले. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिचं नाक लाल झालं होतं, लहानपणी व्हायचं तसं. आणि ती त्यांचा हात सोडत नव्हती. त्यांनी तोंड मिटलं.

"चहा निवेल," ते म्हणाले.

मग दोघांनी चहा घेतला. चिंधी बोलत सुटली. बांध फुटल्यावर पाणी कुठेही धावतं, तशी. लॉज सोडून आज घरीच येते म्हणाली. घरी खायला काही नाही गं, मास्तर म्हणाले. तर ती म्हणाली, मी करते ना, मीठ तरी आहे का? मीठ होतं. ती म्हणाली, एकटे किती दिवस राहणार, आमच्याकडे चला, मशीन घेऊन या. बाल्कनीत उजेड छान येतो.

"सकाळचा की दुपारचा?" मास्तरांनी विचारलं.

"सकाळचा. अकरापर्यंत."

"अकरापर्यंत म्हणजे बास झाला. पुढे डोळे कुठे साथ देतात," मास्तर म्हणाले. बाल्कनीत ते जाऊन बसलेसुद्धा होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बटणांचा डबा कुठे ठेवायचा तेही त्यांनी विचारलं. मग स्वतःशीच हसले. चिंधीने त्यांना हसताना कधी पाहिलं होतं ते तिलाच आठवेना.

उन्हं खिडकीतून टेबलावर आली तशी ती पुन्हा कामाला लागली. प्रदर्शनात प्रत्येक कपड्याशेजारी एक पाटी असणार होती: कुणी कापला, कुणी शिवला, कुणी घातला. नटांची नावं सगळे छापतात, शिंप्याचं कुणी छापत नाही, हे तिचं जुनं दुखणं. म्हणून तर हा सगळा खटाटोप. तिने कागद ओढला, भराभर लिहिलं, आणि वाचून दाखवलं.

"'राणीचा झगा. जांभळी मखमल, आतून सुती अस्तर. कापणी आणि शिलाई...' इथे तुमचं नाव, मोठ्या अक्षरांत. 'आतलं कापसाचं भरण अभिनेत्रीने स्वतःच्या आजारपणात, पतीच्या नकळत, आपल्या हाताने केलेलं आहे. टाक्यांवरून हात नवशिक्याचा असल्याचं स्पष्ट दिसतं.' पुस्तकात हे सविस्तर येईल. एक अख्खं प्रकरणच होईल याचं."

"छापणार?"

"म्हणजे काय! असा पुरावा कुठे मिळतो? लोक उदाहरण म्हणून देतील हे."

मास्तरांनी मान हलवली. उठले. मशीनवरचं कापड काढलं, चाकाला तेलाचे दोन थेंब दिले, चाक फिरवून बघितलं, पुन्हा कापड घातलं. दांडीवरच्या एका सैनिकाची कॉलर सरळ केली. खिडकीपाशी जाऊन आले. चिंधी खाली मान घालून अक्षरं गिरवत होती, आणि गुणगुणत होती.

"ते शेवटचं काढ," तिच्या मागे उभं राहून ते म्हणाले.

"का? खाजगी वाटतं का तुम्हाला? मग शब्द बदलू. पण बाबा, आईने केवढं..."

"खाजगीचं काही नाही." त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "खोटं आहे ते."

"काय खोटं आहे?"

"हात नवशिक्याचा नाही."

चिंधीने वळून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग झग्याकडे. काळा दोरा. फिक्या कापडावर गडद दोरा, लांब टाके, टोकाला गाठ नाही. दरवर्षी पहिल्या वर्गाला ती स्वतः हेच शिकवायची: ही कच्ची शिलाई. जी पुन्हा उसवायची असते ती अशी घालतात. दोरा चटकन दिसावा, कात्री कापडाला लागू नये. तिच्या वर्गातल्या मठ्ठातल्या मठ्ठ पोराने हे सांगितलं असतं. तिला दिसलं नव्हतं, कारण तिला दुसरंच काहीतरी हवं होतं.

"उसवत होतात," ती म्हणाली. "गाद्या वाढवायला."

"आधी दर आठवड्याला. शेवटी शेवटी प्रत्येक प्रयोगाला."

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला."

"दोघांनाही."

तिचे हात मांडीवर पडून राहिले. मास्तर तिच्या समोर येऊन बसले नाहीत. खुर्चीमागूनच बोलत राहिले.

"डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. लगेच. बरी होईल अशी हमी नव्हती, पण म्हणाले, आता केलं तर निदान आशा आहे. ती म्हणाली, हंगाम होऊ दे. मी म्हटलं, सोड ते नाटक, दुसरं कुणी करेल. तर म्हणाली, आयुष्यभर दुसऱ्यांच्या राण्यांना वारा घातलाय मी, आता मला उठवू नका." मास्तर थांबले. "मग मी पुन्हा नाही बोललो. एकदाच बोललो. पुन्हा बोलायला हवं होतं."

"आणि मला? मला का नाही कळवलंत?"

"कळवलं असतं तर तू येऊन तिला उचलून नेलं असतंस."

"नेलंच असतं!"

"म्हणूनच."

चिंधी ताडकन उठली. खुर्ची मागे सरकून मास्तरांच्या गुडघ्याला लागली.

"नंतर तरी सांगायचं! मी तुम्हाला आंधळे म्हटलं, दगड म्हटलं, नाही नाही ते बोलले. कशाला ऐकून घेतलंत?"

"तिच्यावर रागावली असतीस गं," मास्तर म्हणाले. "पोटच्या पोरीपेक्षा झगा मोठा झाला का, असं म्हणाली असतीस. गेलेल्या माणसावरचा राग कुठे जाऊन काढणार? माझ्यावर काढत होतीस, ते बरं होतं. मी होतो."

"मग आता तो कुणावर काढू?"

ती खिडकीकडे पाठ करून उभी होती. राग येत होता तिला, भयंकर राग, आणि तो या म्हाताऱ्यावर टिकत नव्हता. तो आईवर जात होता. आई त्या दिवशी झग्यात बसून चहा पीत होती, नोकरीचं विचारत होती, "गाडी चुकेल हं तुझी" म्हणत होती. तिला ठाऊक होतं. आपल्या हातात काही महिने आहेत आणि समोर लेक उभी आहे हे ठाऊक असताना तिने लेकीला गाडीकडे लावून दिलं. चिंधीच्या मनात आईला आजवर कुणी दोष दिला नव्हता. आता दिला गेला होता. मास्तर तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि नऊ वर्षं जे सांभाळलं ते हातचं गेलं हे त्यांना कळत होतं.

"आज कशाला सांगितलंत?" ती म्हणाली. "मी माफ केलं होतं ना तुम्हाला. घरी येणार होते मी."

"हो."

"गप्प बसला असतात तर कुणाला कळणार होतं?"

"कुणालाच नाही. पण तुझ्या पुस्तकात खोटं गेलं असतं. माझ्यापायी." ते खाली बघत म्हणाले. "एवढं चांगलं काम करतेस तू."

खाली कुणीतरी रंगमंचावरच्या फळ्या उचलून नेत होतं, त्यांचा आवाज येत होता. किटलीत उरलेल्या चहावर साय धरली होती. मास्तरांनी ती उचलली, पुन्हा ठेवली. आता ही जाईल, पर्स उचलेल आणि लॉजवर जाईल, असं त्यांना वाटत असावं. ते दाराच्या वाटेतून थोडे बाजूला झाले.

चिंधी टेबलाशी आली. लिहिलेलं शेवटचं वाक्य तिने खोडलं. एकदा, आणि मग कागद फाटेल इतकं पुन्हा पुन्हा. मग उघड्या झग्यासमोर बसली. लिहायला लागली आणि थांबली. काय लिहावं ते तिला माहीतच नव्हतं.

"पहिल्यांदा भरलात तेव्हा कसं केलंत?" तिने विचारलं. वर्गात विचारावं तसं विचारायचा तिचा प्रयत्न होता, पण तो जमला नाही.

"आरशासमोर उभं केलं होतं तिला. अंगावरच चढवून मापलं. एका बाजूला जास्त झालं असतं तर प्रेक्षकांना दिसलं असतं." मास्तरांनी झग्यातला एक काळा दोरा बोटावर घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, "टाके लांब घातले ते उसवायचे म्हणून. पण वाकडे... ते तसे घालायचे नव्हते. हात ऐकत नव्हता."

"आणि आई?"

"काय?"

"आई काय करत होती?"

मास्तरांनी डोळे पुसले नाहीत. ते तसेच वाहू दिले.

"हसली," ते म्हणाले. "मी आपला बेताबेताने कापूस लावत होतो. तर म्हणाली, अहो, हात आखडता घेऊ नका. राणी खात्यापित्या घरची असते."